गाळ

तब्रीझला डिसेंबरात नळ रात्रभर ठिबकत ठेवतात,
नाहीतर पहाटे पाइप फुटतो.
आमच्या तळघरात मी उष्णतेला वाट काढून देते.
पगार त्याचाच मिळतो, कधी महिन्याला, कधी दोन.

पांढरी भुकटी, ॲल्युमिनाची, चाळीस नॅनोमीटर.
डबा उघडताना श्वास धरायचा.
बैरामअली म्हणतो, पंखाही बंद, आणि शिंक आली तर गिळायची.
तीन दलालांच्या हातून आलं हे पीठ,
दर हाताला थोडं महाग होत.
उष्णता असती, तर दर हाताला
थोडी कमी झाली असती.

शंभर ग्रॅम पाण्यात एक ग्रॅम.
मग दोन तास ध्वनीची थरथर,
कानाला ऐकू न येणारी,
पण दाढ शिवशिवते.
पाणी दुधासारखं होतं.
दूध म्हणते खरी,
पण याची साय तळाशी जाते.

बाबा ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचे,
मरंदच्या रस्त्यावर, एका अंधाऱ्या गाळ्यात.
सरहद्दीपलीकडून तापून आलेले ट्रक
धापा टाकत उभे राहायचे दाराशी.
बाबा पितळी जाळी उलटी धरत,
पाण्याचा झोत सोडत,
आणि तांबूस चिखल संपून
नितळ पाणी येईपर्यंत
कोणाशी बोलत नसत. माझ्याशीही.
चाळीस वर्षं या माणसानं
पाण्यातून धूळ काढली.
मुलगी शिकली, मोठी झाली,
आणि मोजून मापून पाण्यात धूळ घालते.

इतरांचे शोधनिबंध तीस टक्के म्हणतात. एक तर चाळीस.
माझी प्लॅटिनमची तार, केसाहून बारीक,
पहिल्या दिवशी म्हणाली, सहा.
तेवीस वेळा विचारलं. सहा.
आणि पंपाला चौदा टक्के जास्त दम लागतो, ते वेगळंच.

डॉक्टर खियाबानी आकडे पाहून म्हणाले,
"कुठेतरी पाणी मुरतंय, सोलमाज."
मी वही मिटली, पाना घेतला,
एकेक सांधा चाचपत गेले.
तिसऱ्या वळणावर खरंच मुरत होतं,
फरशीवर पांढरा डाग, बशीएवढा.
घट्ट आवळलं. पुन्हा मोजलं.
साडेपाच.

गेल्या गुरुवारी बाबा आले,
डोक्यावर लोकरी टोपी, खिशात अक्रोड.
दोन वर्षांपासून त्यांचे हात कापतात,
गाळा आता दुसऱ्याचा आहे.
खिडकीत नऊ दिवसांची बाटली उभी होती:
वर जवळजवळ स्वच्छ, खाली बोटभर पांढरं.
त्यांनी बुबुळं बारीक केली.
"हा गाळ आहे."
मी म्हटलं, कणांवरचा भार अजून जमत नाही,
आम्लता जरा खाली आणली, की...
"हो हो," बाबा म्हणाले. "गाळच."

मग त्यांनी बाटली उचलली, दोन्ही हातांनी,
उजेडाकडे धरायला.
हात कापत होते तसे कापत राहिले.
तळाचं पांढरं हललं,
आधी एक धागा, मग धुकं,
मग अख्खी बाटली.
बाबांना वाटलं, आपण काही बिघडवलं.
"राहू दे," मी म्हटलं, "धरून ठेवा."

मोठे गठ्ठे असे फुटत नाहीत, मला ठाऊक आहे.
हाताच्या उबेनं तापमानही चढतं,
त्या वाचनाला कुठेच किंमत नाही.
तरी मी तार बुडवली.

बैरामअली चहा घेऊन आला,
पेले ठेवायला जागा शोधत उभा राहिला.
बाबा पडद्यावरचा आकडा वाचायला वाकले.
"किती?"
"साडेपाच."
"इतकंच?"
"इतकंच."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
आणि मला वाटतं, समाधानानं.

प्रबंधात तो आकडा तसाच जाईल.
वहीत मी तारीख घातली, खोलीचं तापमान घातलं,
आणि मिश्रणाच्या रकान्यात, जिथे यंत्राचं नाव लिहितात,
लिहिलं: हाताने, सव्वा मिनिट.